अंगणात आलेली शाळा

इतिहास म्हटला की वसईकडच्या माणसाला किल्ला आठवतो, चिमाजी अप्पा आठवतात आणि १७३९ सालचा तो वेढा आठवतो. आज मी सांगणार आहे तोही इतिहासच आहे, आणि आपल्याच पालघर जिल्ह्यातला आहे. मात्र त्यात तोफा-तलवारी कुठे यायच्या नाहीत. त्यात येणार आहे दोन-चार वर्षांचे पोर, त्याचे वाहते नाक, मूठभर चिंचोके आणि घरापुढचे सारवलेले अंगण.

तुमच्या घरात एवढेसे मूल असेल तर त्याचा दिवस कसा जातो हे मी सांगायला नको. सकाळी उठल्यापासून या डब्यात हात घाल, त्या मडक्याचे झाकण काढ, असे त्याचे चाललेले असते. आई भाकरी थापायला बसली की त्यालाही पिठाचा गोळा हवा असतो. ती केर काढू लागली की त्याला केरसुणी हवी. मग आपण काय म्हणतो? "हात लावू नको." "गप बस." आणि तरीही ऐकले नाही तर, "थांब, बागुलबुवाला बोलावते!" यात कुणाच्या मनात वाईट नसते. कामाची घाई असते, गाडीची वेळ झालेली असते, चुलीवर काहीतरी करपत असते. पण हे मूल सारखा हात का लावते, आणि आपण त्याला नको-नको म्हणतो तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न दोन स्त्रियांनी आयुष्य वाहून टाकावे इतका मोठा मानला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही त्यांची नावे. विरारहून उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेने डहाणू रोड ओलांडले की पुढचे स्टेशन घोलवड. तिथून जवळच समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. त्या गावी १९४५ साली या दोघींनी मिळून जे काम मांडले, त्यातूनच "अंगणवाडी" हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी गेला.

त्याआधी लहान मुलांविषयी आपली समजूत काय होती ते पाहू. पाच-सहा वर्षांखालचे मूल अजाण. त्याला तेल लावावे, न्हाऊ-माखू घालावे, खाऊ द्यावा, रडले तर उगी करावे. आजी गोष्ट सांगे, आई जात्यावर बसून गाई, आणि त्यातून मूल पुष्कळ शिके. पण त्याला शिक्षण असे कुणी म्हणत नसे. शिक्षण सुरू व्हायचे ते शाळेत नाव घातल्यावर. ते पाटी, पाढे आणि छडी यांचे शिक्षण. कालपर्यंत अंगणात धावणारे पोर एके दिवशी हाताची घडी घालून बसवले जाई, आणि ते बसेना तर ते द्वाड ठरे.

ही समजूत जगभरच होती. तिला पहिला मोठा धक्का दिला तो इटलीतल्या एका डॉक्टर बाईंनी. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत एक "बालगृह" काढले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी ही मुले. बाईंनी त्यांना उपदेश न करता त्यांच्याकडे नीट पाहिले. त्यांच्या ध्यानात आले की लहान मूल हातांनी शिकते. त्याला ओतायला, घासायला, रचायला, बटणे लावायला मनापासून आवडते. त्याच्या उंचीचे, त्याला उचलेल असे सामान दिले तर तेच उनाड पोर तासभर एका कामात गुंगून जाते. त्याला बक्षिसाचे आमिषही लागत नाही आणि शिक्षेचा धाकही लागत नाही.

हा विचार आपल्या बाजूला आला तो गुजरातेतून. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मूल झाले तेव्हा त्याला वाढवायचे कसे, या विचाराने ते माँटेसरीबाईंच्या पुस्तकांकडे वळले आणि वकिली सोडून मुलांत रमले. लोक त्यांना कौतुकाने "मिशावाली आई" म्हणत. १९२३ साली ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थना समाजी घरातला. माहेरचे आडनाव केळकर. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या; त्या काळी पदवी घेतलेली मराठी बाई हाताच्या बोटांवर मोजावी लागे. लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पण तो संसार टिकला नाही, आणि लहान मुलीला घेऊन त्यांनी आपली वाट धरली. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या. मोठ्या पगाराची ती जागा सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात आल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी "नूतन बाल शिक्षण संघ" स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मराठी "शिक्षणपत्रिका" चालवली. १९३६ साली मुंबईत दादरला "शिशुविहार" काढले आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही हाती घेतले.

इथवर सगळे चांगले चालले होते. पण शिक्षक बंधुभगिनींनो, इथेच एक अडचण होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे येता येता महाग झाली होती. तिची साधने सुबक लाकडाची, कारागिराकडून मापात करून घ्यावी लागणारी. ती शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांच्या मुलांपर्यंत पोहोचली. शेतमजुराचे मूल काय करणार? १९४५ सालच्या जानेवारीत सेवाग्रामला नई तालीमची परिषद भरली, तेव्हा गांधीजींनीही शिक्षणाची कल्पना सात वर्षांच्या मागे, थेट बालपणापर्यंत नेली होती. खेड्यातल्या मुलासाठी काहीतरी केले पाहिजे असे वारे वाहत होते. ताराबाईंनी ठरवले की आपण स्वतःच खेड्यात जाऊन बसायचे. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. त्या वयात लोक विसाव्याची भाषा बोलतात.

त्यांना सोबतीण मिळाली ती अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच कपाळीचे कुंकू पुसले गेले. मुलगी कोपऱ्यात बसायची नाही, शिकायची, असे ठरले. आणि ती शिकली. ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाली, नाशिक जिल्ह्यात चांदोरीला शिकवले, मग पुण्याच्या हुजूरपागेत पुष्कळ वर्षे काढली. १९४५ साली कस्तुरबा निधीच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली, आणि अनुताई त्यांच्यामागोमाग बोर्डीला आल्या. त्याच वर्षअखेर तिथे "ग्राम बाल शिक्षा केंद्र" सुरू झाले. बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक आधीपासून आदिवासींच्या शिक्षणासाठी झटत होते. त्यामुळे जमीन थोडी नांगरलेली होती.

तो १९४५ चा काळ तरी कसा होता? त्याच वर्षी डहाणू-तलासरीकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात वावरत होत्या. वारली माणसाचे श्रम सावकार-जमीनदाराकडे बांधलेले. मग त्याच्या मुलाला खेळायला आणि शिकायला कोण वेळ देणार? सहा वर्षांचा मुलगा म्हणजे गुरे राखणारा गडी, आणि पाच वर्षांची मुलगी म्हणजे धाकट्या भावंडाची आई.

बोर्डीला बालवाडी निघाली. चांगल्या घरची मुले येऊ लागली. पण ज्यांच्यासाठी ती काढली होती ती मुले येईनात. हरिजनवाड्यातली येईनात, पाड्यावरची येईनात. दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, "आम्ही शाळा उघडली, आता त्यांनाच शिक्षणाची गोडी नाही, त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य आपण आजही ऐकतो. ताराबाई-अनुताईंनी मात्र मूल का येत नाही याचा विचार केला. आई पहाटेच कामावर जाते. पोराला बालवाडीत आणून सोडणार कोण? अंगावर धड कपडा नाही, अंघोळ नाही. चांगल्या घरच्या मुलांत बसायला ते बुजते. दुसऱ्या आळीत पाऊल टाकायचे तर जातीची भिंत आड येते. मूल येत नाही ना? मग बालवाडीनेच उठून त्याच्या अंगणात जायचे. आणि अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

ऐकायला सोपे वाटते, पण केवढा उलटा विचार होता पाहा. तोवर शाळा म्हणजे एक घर होते, त्याला दार होते, आणि दाराबाहेर राहिला तो दोषी होता. आता मूल आपल्या जागी होते आणि वाट चालायची होती ती बाईंनी.

अंगणात बालवाडी भरली म्हणजे काय काय आले? पहिल्यांदा आली स्वच्छता. नाक पुसणे, हात-पाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे, अंघोळ घालणे. शिकलेल्या ब्राह्मण घरच्या बायका वाड्यावरच्या, पाड्यावरच्या मुलांना आपल्या हातांनी न्हाऊ घालू लागल्या. त्या काळात ही गोष्ट पोथीभर उपदेशापेक्षा जास्त बोलून गेली असेल. मग गाणी, गोष्टी, खेळ. आणि साधने? महागडे लाकडी ठोकळे गेले. त्यांच्या जागी चिंचोके, गुंजा, शिंपले, खडे, पाने, बांबूच्या कांड्या, माती आली. शिंपले लहान-मोठे लावायचे, गुंजा मोजायच्या, पाने आकाराप्रमाणे निवडायची, मातीची चूल आणि भांडी करायची. माँटेसरीबाईंच्या साधनांनी जे साधते तेच, समुद्राने आणि रानाने फुकट दिलेल्या वस्तूंनी साधता येते हे त्यांनी दाखवून दिले. हे सारे आईच्या, आजीच्या डोळ्यांदेखत होत असे. पोराचे शिक्षण काय असते हे घराला घरबसल्या दिसू लागले. मी म्हणेन, अंगणवाडीचा सर्वांत मोठा गुण हाच होता. ती मुलाला आईपासून तोडून नेत नव्हती. आईलाही सोबत घेत होती.

पुढे हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. सभोवार वारल्यांचे पाडे. तिथे नवे प्रश्न उभे राहिले आणि प्रत्येक प्रश्नाला एकेक उत्तर निघाले. मोठी मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या काखोटीला धाकटे मूल. मग धाकट्यासाठी शाळेशेजारीच पाळणाघर निघाले. ताई शिकते आहे आणि तिचा भाऊ पलीकडे पाळण्यात झोपला आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. तिला नाव मिळाले "विकासवाडी". मुलगा गुरांमागे कुरणात जातो, शाळेत येत नाही. मग शिक्षकच कुरणात गेले आणि गुरे चरत असताना तिथेच शाळा भरू लागली. ती "कुरणशाळा". म्हणजे अंगणात जे शिकले तेच पुढे रानापर्यंत नेले.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ३१ ऑगस्टला त्या गेल्या. अनुताई तिथेच राहिल्या. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बी. ए. ची परीक्षा दिली. "कोसबाडच्या टेकडीवरून" हे आत्मकथन लिहिले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याहून आलेली ही मास्तरीण ४७ वर्षे आपल्या या मुलखात राहिली.

आता हा शब्द देशभर कसा गेला ते सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, ती ३३ गटांत. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, शिवाय मातांना आहार-आरोग्याची शिकवण, हे सगळे ज्या एका केंद्रातून द्यायचे, त्याचे नाव अंगणवाडी. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. बोर्डीच्या वाळूत उगवलेल्या रोपाचे केवढे रान झाले!

पण श्रोते हो, रान वाढले म्हणून मूळ रोप विसरायचे का? आज गावात कुणालाही विचारा, अंगणवाडीत काय मिळते? उत्तर येईल, "खिचडी." आहाराला मी कमी लेखत नाही. याच आपल्या जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीकडे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. उपाशी पोटी कुठले गाणे आणि कुठले शिंपले? आधी घास, हे खरेच. मात्र घास भरवून झाला की काम संपले असे नाही. शाळापूर्व शिक्षण हाही त्याच योजनेचा भाग आहे, आणि अंगणवाडीताईच्या वह्या-नोंदींच्या ढिगाखाली तोच बहुधा दबून जातो. ताईला दोष देऊ नका. तिच्या अंगणात जाऊन बसा आणि तिला विचारा, मुलांसोबत खेळायला तिला दिवसातला किती वेळ उरतो?

दुसरीकडे पाहा. वसई-विरारकडे अंगणेच आटली. नालासोपाऱ्याच्या चाळीत दारापुढे चपला काढण्यापुरती जागा. आईबाप पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात. मूल शेजारणीकडे नाहीतर पाळणाघरात. आणि ते रडू नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल. बागुलबुवा गेला आणि मोबाइल आला. गप्प बसवण्याचे काम तेच. ज्यांना जमते ते तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेत घालतात आणि रात्री त्याचा हात धरून पानभर अक्षरे गिरवून घेतात. ज्या बोटांनी अजून माती नीट मळलेली नाही, त्यांना पेन्सिल कशी पेलावी? मूल कंटाळते, आई रागावते, बाप म्हणतो, "फीचे पैसे वाया गेले." १९४५ च्या आधीची ती हाताची घडी पुन्हा परत आली आहे; फरक इतकाच की तेव्हा ती सहाव्या वर्षी येई, आता तिसऱ्या वर्षी येते.

२०२० चे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानते आणि तो खेळातून, हातांच्या कामातून शिकवावा असे सांगते. बोर्डी आणि कोसबाडला ते आधीच करून दाखवले होते. कागदावर येईपर्यंत ७५ वर्षे लागली.

मग आपण काय करायचे? आयांनो आणि बापांनोही, कारण हे काम एकट्या आईचे नव्हे, ताराबाई-अनुताईंच्या अंगणातून चार गोष्टी उचला. त्यांना पैसा पडत नाही.

पहिली, मुलाला काम द्या. पिठाचा गोळा मागते तर द्या. त्याची भाकरी वेडीवाकडी होईल, होऊ द्या. मटार सोलू द्या, चमचे आणि वाट्या वेगळ्या लावू द्या, लहान तांब्यातून पाणी ओतू द्या. सांडले तर फडके त्याच्याच हाती द्या. पुसणे हाही त्याला खेळच वाटतो.

दुसरी, भीती घालू नका. बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शनवाला डॉक्टर यांना घरात आणू नका. भ्यायलेले मूल गप्प बसते, आणि आपण फसतो की ते ऐकू लागले.

तिसरी, त्याच्याशी बोला, आणि घरच्या बोलीत बोला. वाडवळी असो, सामवेदी असो, वारली असो. मुलाची जीभ ज्या भाषेत उघडते ती भाषा कधी गावठी नसते. रात्री एक गोष्ट सांगा. दमून आलात तर अर्धी सांगा. उरलेली ते स्वतःच रचील.

चौथी, त्याला स्वच्छ ठेवा, पण मातीला घाबरू नका. आधी माती, मग अंघोळ.

आणि शिक्षकांनो, तुमच्यासाठी एकच. पहिलीच्या हजेरीपटावर एखाद्या नावापुढे महिनाभर गैरहजेरी पडत गेली तर "पालकांना गोडी नाही" असा शेरा मारण्याआधी त्या घरापर्यंत एकदा चालत जा. कदाचित दारात पाळणा दिसेल, कदाचित गोठ्यात वासरू दिसेल, कदाचित दाराला कुलूप असेल आणि आईबाप वीटभट्टीवर गेलेले असतील. तिथे उभे राहिल्यावर काय करायचे ते सुचते. शाळेत बसून ते सुचत नाही. बोर्डीलाही बालवाडीत बसून सुचले नव्हते. वाड्यात गेल्यावर सुचले.

आपल्या जिल्ह्यात वसईचा किल्ला पाहायला लांबून लोक येतात, आणि यावेतच. पण घोलवडपर्यंतही एकदा जाऊन या. चिकूच्या वाड्यांतून बोर्डीला जा, कोसबाडची टेकडी चढा. बुरूज वगैरे तिथे काही दिसणार नाही. मात्र मूल कुठे आहे ते पाहून मोठ्यांनी त्याच्यापर्यंत चालत जायचे असते, ही गोष्ट साऱ्या देशाला तिथून कळली. घरी परतल्यावर तुमचे पोर डब्यात हात घालताना दिसेल. त्या वेळी "नको" म्हणण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ खाली बसा आणि ते काय शोधते आहे ते पाहा.